कुकी पुसल्या, तरी जाहिराती पाठ का सोडत नाहीत?

तक्रार नेहमीची आहे. एखाद्या वस्तूचा एकदा शोध घ्यावा आणि पुढचे पंधरा दिवस तिच्या जाहिराती बातम्यांच्या पानापासून हवामानाच्या पानापर्यंत सगळीकडे दिसाव्यात. वैतागून ब्राउझरमधल्या सगळ्या कुकी (संकेतस्थळांनी तेथे ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि सगळा इतिहास पुसून टाकावा, दोन दिवस बरे जावेत आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उपाय चुकीचा नसतो, पण तो एकाच जागी केला जातो आणि माग मात्र तीन-चार जागांवरून काढला जात असतो. त्यांपैकी कोणती जागा आपल्या बाबतीत गळते आहे हे आधी शोधले नाही, तर तीच ती सेटिंग महिनोन्‌महिने पुसत बसण्याखेरीज हाती काही लागत नाही.

माझ्या घरी हा प्रश्न श्रवणयंत्रावरून उभा राहिला. वडिलांना कमी ऐकू येऊ लागले होते आणि ते त्यांना मान्य नव्हते. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर इतिहास न ठेवणारी, विंडो उघडली, तासभर वेगवेगळ्या यंत्रांची माहिती वाचली, एका विक्रेत्याच्या पानावर माहितीपत्रक मागवले आणि विंडो बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी आपला टॅबलेट माझ्यासमोर धरला आणि एवढेच विचारले, "हे तूच बघत होतीस ना?" पडद्यावर त्याच विक्रेत्याची जाहिरात होती. उपकरण वेगळे, ब्राउझर वेगळा, आणि माझ्या बाजूला तर इन्कॉग्निटो विंडो. कुकी एका उपकरणावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. त्यामुळे कुकी पुसून हे कोडे सुटणार नव्हते, हे उघड होते.

आधी गळती शोधावी

भिंतीत मुरणारे पाणी नेमके कोणत्या नळीतून येते हे कळेनासे झाले, की एकेका नळीत वेगवेगळा रंग सोडून पाहतात. येथेही तेच करावे. आपल्याला ज्यात कधीच रस नव्हता असे तीन-चार विषय निवडावेत. मी घोड्याचे खोगीर, दुर्बीण आणि शिवणयंत्र निवडले होते. प्रत्येक विषय एकाच वाटेने सोडायचा, दोन वाटांत तोच विषय वापरायचा नाही.

खोगिराचा शोध नेहमीच्या ब्राउझरमध्ये, नेहमीच्या खात्यात लॉगिन असताना घ्यावा आणि दोन-तीन विक्रेत्यांची पाने उघडून पाहावीत. दुर्बिणीचा शोध नव्याने बसवलेल्या, कोणत्याही खात्यात लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये, पण घरच्याच वाय-फायवर घ्यावा. शिवणयंत्राच्या बाबतीत इन्कॉग्निटो विंडो उघडून एखाद्या विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये आपला नेहमीचा ईमेल पत्ता भरावा, शोध मात्र इतर कोठेही घेऊ नये. त्यानंतर तीन-चार दिवस काहीही न बदलता, घरातील कोणत्या उपकरणावर कोणत्या वस्तूच्या जाहिराती दिसतात याची कागदावर नोंद ठेवावी. खोगीर फोनवर दिसले तर गळती खात्यातून आहे. दुर्बीण घरातील दुसऱ्या कोणाच्या उपकरणावर दिसली तर ती जोडणीतून, म्हणजे सामायिक आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर घरच्या जोडणीची ओळख असलेल्या क्रमांकावरून) आहे. शिवणयंत्र दिसले तर ईमेल पत्ताच ओळखपत्राचे काम करतो आहे.

ही चाचणी पुरावा म्हणून कच्ची आहे, हे मान्य करायला हवे, कारण जाहिरात दिसली नाही म्हणजे नोंद झाली नाही असे ठरत नाही. तरीही कोठून सुरुवात करावी हे ती नक्की सांगते, आणि बहुतेकांचे तेथेच अडलेले असते.

एक अपवाद येथेच निकालात काढू. जाहिरात पानावर न येता पडद्याच्या कोपऱ्यात सूचना म्हणून उगवत असेल, तर त्याचा पाळतीशी बहुधा संबंध नसतो. कोणत्या तरी संकेतस्थळाला आपण सूचना पाठवण्याची परवानगी देऊन बसलेलो असतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांची यादी उघडून अनोळखी नावे काढून टाकली की त्रास थांबतो.

कुकींचा भाग

कुकी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी तयार केली, तेव्हा तिचा हेतू साधा होता: संकेतस्थळाला एका भेटीतली गोष्ट पुढच्या भेटीत आठवावी. अडचण झाली ती त्रयस्थ कुकींची, म्हणजे आपण उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी त्या पानात बसवलेल्या जाहिरात कंपनीने ठेवलेल्या कुकींची. एकच जाहिरात कंपनी हजारो पानांवर हजर असल्यामुळे तिला आपला प्रवास पानापानाने दिसतो. सफारीने मार्च २०२० पासून या कुकी पूर्णपणे अडवल्या, आणि फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय सर्वांसाठी सुरू केली. क्रोममधून त्या दोन वर्षांत काढून टाकू, असे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. मुदत पुढे ढकलत ढकलत अखेर जुलै २०२४ मध्ये बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तेच चालू राहील असे सांगितले. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याने गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन त्रयस्थ कुकी अडवण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. आपोआप ते होत नाही.

कुकी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. संगणकावर कोणतेही मोठे संकेतस्थळ उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांमधला साठवणीचा भाग पाहिला, तर अधोरेखेने सुरू होणारी 'जीए' नावाची कुकी बहुधा सापडेल. ती गूगल ॲनालिटिक्सची असते. तिच्या मजकुरात शेवटी टिंबाने वेगळे केलेले दोन मोठे आकडे असतात: पहिला यदृच्छेने निवडलेला, आणि दुसरा दहा अंकी. हा दुसरा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. त्या संकेतस्थळावर आपण पहिल्यांदा आलो तो क्षण. तेथे १७०४०६७२०० असेल, तर आपली पहिली भेट जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी २०२४ च्या मध्यरात्री, ठीक शून्य सेकंदाला झाली होती. या कुकीचे ठरलेले आयुष्य दोन वर्षांचे असते. तिच्यात आपले नाव नसते, पण आपण तीच व्यक्ती आहोत एवढे ती सांगते, आणि मागोवा घेणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

आता पुसल्यावर काय होते ते पाहू. कुकी गेली, नवा क्रमांक मिळाला. पण त्याच संकेतस्थळावर आपण पुन्हा लॉगिन केले, की हा नवा क्रमांक जुन्या खात्याला जोडला जातो आणि मधला तुटलेला धागा सांधला जातो. दुसरी गंमत कुकी ठेवू का, असे विचारणाऱ्या संमतीच्या पट्टीची आहे. "नको" म्हटल्याची नोंदही कुकीतच साठवलेली असते, त्यामुळे सगळ्या कुकी पुसल्या की आपला नकारही पुसला जातो. पट्टी पुन्हा समोर येते, घाईत "सर्व मान्य" दाबले जाते, आणि रोज रात्री कुकी पुसणारा माणूस रोज सकाळी नव्याने संमती देत राहतो. सरसकट पुसण्यापेक्षा त्रयस्थ कुकी कायमच्या अडवणे आणि नेहमीच्या संकेतस्थळांवरचा नकार टिकू देणे जास्त उपयोगाचे आहे, असे माझे मत झाले आहे.

इन्कॉग्निटो विंडोबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करावा. ती बंद केल्यावर त्या उपकरणावरचा इतिहास आणि कुकी जातात, त्यापलीकडे ती फारसे काही करत नाही. संकेतस्थळाला, इंटरनेट पुरवठादाराला आणि कार्यालयाच्या नेटवर्कला आपण पूर्वीसारखेच दिसतो. या विषयावर गूगलविरुद्ध २०२० मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या खटल्यात २०२४ मध्ये तडजोड झाली आणि अशा विंडोंमधून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. तशा नोंदी होत होत्या, हे त्यातून कळते.

ईमेल पत्ता: सर्वात दुर्लक्षित गळती

श्रवणयंत्राचे कोडे येथे सुटले. माहितीपत्रक मागवताना मी जो ईमेल पत्ता भरला, तो आमच्या घराचा जुना सामायिक पत्ता होता. त्याच पत्त्याने वडिलांच्या टॅबलेटवरचे खाते उघडलेले होते. शिवणयंत्राच्या चाचणीत मी मुद्दाम तोच पत्ता पुन्हा वापरला, आणि दोन दिवसांत शिवणयंत्र टॅबलेटवर हजर झाले. माझ्या फोनवर मात्र, जेथे दुसरा पत्ता आहे, ते कधीच दिसले नाही. दुर्बीण कोठेच दिसली नाही. घरचे वाय-फाय निर्दोष निघाले.

यामागची पद्धत समजून घ्यावी. विक्रेता आपल्याकडच्या ईमेल पत्त्यांची यादी जाहिरात कंपनीकडे देतो, पण "पत्ते उघड करत नाही" असे सांगता यावे म्हणून प्रत्येक पत्त्यावर आधी एक गणिती प्रक्रिया करतो. बहुधा ही प्रक्रिया एसएचए-२५६ असते. तिच्यातून पत्त्याच्या जागी ६४ अक्षर-अंकांची एक निरर्थक दिसणारी ओळ मिळते, आणि त्या ओळीवरून मूळ पत्ता उलटा काढता येत नाही. ऐकायला हे सुरक्षित वाटते. मात्र त्याच पत्त्यातून प्रत्येक वेळी, जगात कोठेही, नेमकी तीच ओळ मिळते. जाहिरात कंपनीकडे आपल्या खात्याचा पत्ता आधीपासून असतोच; ती त्यावर तीच प्रक्रिया करते आणि दोन ओळी जुळल्या की माणूस सापडला. यात कुकी लागत नाही आणि उपकरणही तेच असावे लागत नाही. फोन क्रमांकाचेही असेच होते, आणि क्रमांक तर माणूस वर्षानुवर्षे बदलत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण खरा आहे: वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे पत्ते द्यावेत. मुख्य पत्त्यात अधिकचे चिन्ह घालून केलेली युक्ती पुरेशी नाही, कारण चिन्हापुढचा भाग कापून मूळ पत्ता मिळवणे ही एका ओळीच्या प्रोग्रॅमची गोष्ट आहे. त्याऐवजी मध्यस्थ पत्ता देणारी सेवा वापरावी. ॲपलची 'हाइड माय ईमेल' आणि मोझिलाची 'फायरफॉक्स रिले' या तशा सेवा आहेत. त्या प्रत्येक संकेतस्थळासाठी निराळा, यदृच्छेने बनवलेला पत्ता देतात आणि त्यावर आलेली पत्रे आपल्या खऱ्या पेटीत पोहोचवतात. प्रत्येक पत्त्याची ६४ अक्षरांची ओळ वेगळी, म्हणून जुळणी होत नाही. शिवाय एखाद्या पत्त्यावर नको ती पत्रे येऊ लागली, तर पत्ता कोणी फोडला हेही कळते. सगळी जुनी खाती एका दिवसात बदलायला बसू नये, तो उत्साह दोन तास टिकतो. नवे खाते उघडताना नवा पत्ता, आणि जुन्यापैकी आरोग्य, पैसा आणि नोकरी यांच्याशी संबंधित खाती आधी, एवढा क्रम पुरतो.

खात्याच्या सेटिंगमध्ये दोन बटणे असतात

खोगिराची चाचणी बहुतेकांच्या बाबतीत होकारार्थी निघेल, कारण लॉगिन असताना घेतलेला शोध हा खात्याच्या नावावर जमा होतो. येथे पुन्हा पुन्हा होणारी चूक एकच आहे: मागचे पुसणे आणि पुढचे थांबवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि आपण पहिली करून सेटिंगमधून बाहेर पडतो. गूगलच्या 'माय ॲक्टिव्हिटी' पानावर जुन्या नोंदी पुसता येतात, पण वेब आणि ॲपवरील हालचालींची नोंद थांबवण्याचे बटण वेगळे आहे. आपोआप पुसण्यासाठी ३, १८ किंवा ३६ महिन्यांची मुदत निवडता येते. जून २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना १८ महिने ही मुदत मुळातच लावलेली असते, मात्र त्याआधीच्या खात्यांना ती स्वतः लावावी लागते. फेसबुकमध्येही इतर संकेतस्थळांकडून आलेल्या हालचालींची यादी पुसणे वेगळे आणि भविष्यातील जोडणी तोडणे वेगळे. जाहिरातींचे व्यक्तिगतीकरण बंद करणे ही तर तिसरीच गोष्ट: त्याने आपल्याला दिसणाऱ्या जाहिराती बदलतात, गोळा होणारी माहिती थांबतेच असे नाही.

सर्वात टिकाऊ व्यवस्था मला दोन ब्राउझरांची वाटते. ज्या कामांना लॉगिन लागते ती एका ब्राउझरमध्ये, आणि शोध व वाचन दुसऱ्यात, जेथे कधीही लॉगिन करायचे नाही. शिस्त एवढीच, पण ती मोडण्याचा मोह रोज होतो.

फोन

फोनवर कुकीपेक्षा जाहिरात ओळखक्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी त्या फोनला दिलेला क्रमांक, महत्त्वाचा असतो, कारण ॲपांना तो आयता मिळतो. आयफोनवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या १४.५ आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला त्यासाठी परवानगी विचारावी लागते. सेटिंगमध्ये "विचारूच नये" असाही पर्याय आहे आणि तोच निवडावा. अँड्रॉइडवर गोपनीयतेच्या सेटिंगमधल्या जाहिरातींच्या भागात हा क्रमांक काढून टाकता येतो. काढल्यावर ॲपला क्रमांकाच्या जागी नुसती शून्ये मिळतात. ज्या फोनवर "नवा क्रमांक घ्या" एवढाच पर्याय दिसतो तेथे तोही चालेल, मात्र मग ते पुन्हा पुन्हा करावे लागेल.

फोनवर सगळे उपाय करूनही तक्रार परत येते, याचे एक कारण सहसा लक्षात येत नाही. एखाद्या समाजमाध्यमाच्या ॲपमध्ये दुवा दाबला, की पान आपल्या ब्राउझरमध्ये न उघडता त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. तेथे आपण बसवलेला जाहिरात-रोधक नसतो, आपल्या कुकी सेटिंग लागू होत नाहीत, आणि आपण कोण हे ॲपला आधीच माहीत असते. ॲपच्या सेटिंगमध्ये दुवे बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय असल्यास तो चालू करावा. नसल्यास दुवा जास्त वेळ दाबून तो नक्कल करावा आणि आपल्या ब्राउझरमध्ये चिकटवावा.

"फोन आपले बोलणे ऐकतो" ही शंका प्रत्येक वेळी निघते, म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्ये. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये अँड्रॉइडची १७,२६० ॲपे तपासली, तेव्हा गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲपे पडद्यावरच्या हालचालींचे चित्रण मात्र बाहेर पाठवत होती. मायक्रोफोनची परवानगी नको त्या ॲपकडून काढून घ्यावीच, पण जाहिरातींचे कारण तेथे शोधत बसू नये.

उपायच जेव्हा अडचण होतो

वैतागलेला माणूस सापडेल ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवतो. या खोगीरभरतीचे दोन तोटे आहेत. पहिला असा, की ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, फॉन्ट, वेळेचा पट्टा अशा तपशिलांवरूनही माणूस कुकीशिवाय ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या 'पॅनॉप्टिक्लिक' या प्रयोगात ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. जितकी सजावट अधिक, तितका ठसा निराळा होण्याची शक्यता अधिक. आज तीच चाचणी 'कव्हर युवर ट्रॅक्स' या नावाने उपलब्ध आहे आणि ती एकदा करून पाहावी. या बाबतीत ओळख लपवण्यासाठी बनवलेल्या टॉर ब्राउझरची वाट उलटी आहे: तो सर्वांना शक्य तितके एकसारखे दाखवतो.

दुसरा तोटा विश्वासाचा आहे. तशी परवानगी दिलेल्या एक्स्टेन्शनला आपण उघडलेले प्रत्येक पान वाचता येते. अव्हास्ट कंपनीची अशी साधने मागोव्यापासून संरक्षणाचे आश्वासन देत होती, आणि त्यांतूनच गोळा झालेली वापरकर्त्यांच्या भटकंतीची माहिती विकली जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावणारा आदेश जाहीर केला. फुकट व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी स्वतःच्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा, घेताना हेच आठवावे. व्हीपीएनमुळे इंटरनेट पुरवठादाराला आपण कोठे जातो हे दिसेनासे होते, पण ते व्हीपीएनवाल्याला दिसू लागते, आणि तो त्याचे काय करतो हे आपल्याला ठाऊक नसेल तर ही वाट आगीतून फुफाट्यात नेते. दुर्बिणीची चाचणी होकारार्थी निघाली, म्हणजे गळती खरोखर आयपी पत्त्यातून असली, तरच व्हीपीएनचा विचार करावा. नाहीतर खात्यात लॉगिन करून व्हीपीएन चालवणे म्हणजे नावाची पाटी गळ्यात अडकवून मागच्या दाराने शिरणे आहे. यूब्लॉक ओरिजिनसारखा एक विश्वासार्ह रोधक पुरेसा आहे. क्रोममध्ये त्याची जुनी आवृत्ती आता चालत नाही, तेथे 'लाइट' आवृत्ती मिळते. पूर्ण आवृत्ती फायरफॉक्सवर चालते.

टॅबलेटवरचे खाते आम्ही वडिलांच्या स्वतःच्या नव्या पत्त्यावर नेले, सामायिक पत्ता फक्त बिलांसाठी ठेवला, आणि महिनाभरात तेथल्या श्रवणयंत्राच्या जाहिराती थांबल्या. खोगिराची नोंद मात्र मी माझ्या मुख्य खात्यात मुद्दाम ठेवली आहे आणि दर काही महिन्यांनी तो शोध त्याच ब्राउझरमध्ये पुन्हा घेते. वाचनाच्या ब्राउझरमध्ये घोड्याचे खोगीर दिसले, की कोठे तरी चुकून लॉगिन झाले आहे हे मला त्याच दिवशी कळते. आतापर्यंत दोनदा दिसले आहे.